वास बघायचा मान

१० ऑगस्ट, रविवार

आज पेटी आली. थोरले दीर भागवत भाऊजी, त्यांनी टेंभुर्णीहून जीपच्या टपावर बांधून आणली आणि आमच्या बैठकीत ठेवली. चहा पितानाही त्यांचं सगळं लक्ष पेटीकडे होतं, लेकीला सासरी सोडायला आल्यासारखं.

ही डायरी बियाण्याच्या कंपनीने माऊलींच्या दुकानाला फुकट दिलेली. जानेवारीपासून कोरीच पडली होती. आजपासून मी लिहिणार, कारण माऊलींना काही सांगायला जावं तर ते मोटार वाइंडिंग करता करता "हं" म्हणतात आणि तारेचं टोक शोधतात. नवरा चांगला आहे, पण ऐकणारा नाही.

पेटीत महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे आहेत, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भादव्यात तीन दिवस त्या घरी येतात, साड्या नेसून उभ्या राहतात, पुरणावरणाचं जेवतात आणि जातात. आमच्यात हा सण थोरल्या घरी, टेंभुर्णीला होतो. यंदा आत्याबाईंनी परस्पर ठरवलं की आमच्याकडे घनसावंगीला करायचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, उषाबाई. जूनमध्ये गावाकडे न्हाणीत घसरून पडल्या, डोक्याला मागून मार लागला, टाके पडले. फोटोत काही निघालं नाही. औषधपाण्यासाठी इकडे आणलं आणि त्या राहिल्याच. आता लक्ष्म्याही आणल्या. मला जीपचा हॉर्न ऐकून कळलं.

का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माझा पाय आता गावाकडं लागत न्हाई."

संध्याकाळी थोरल्या जाऊबाईंचा, बेबीनंदाबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या, तेव्हाच समजले. म्हणाल्या, करून बघा यंदा, पण नैवेद्यात काही चुकलं तर पेटी त्याच पावली परत न्यायची. लक्ष्म्या ज्या घरात एकदा रुसल्या तिथे पुन्हा बसवत नाहीत. आणि पेटीबरोबर आत्याबाईही टेंभुर्णीला येतील, कारण जिथे मुखवटे तिथे त्या, हे त्यांचं लग्न झाल्यापासून ठरलेलं आहे.

खरं लिहायचं तर भीती वाटली आणि आनंदही झाला. लग्न झाल्यापासून दर सणाला टेंभुर्णीला मी ओसरीत बसून लसूण सोलते. चुलीकडे मला कुणी जाऊ दिलेलं नाही. यंदा चूलच माझी आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

चुलीकडे का जाऊ देत नाहीत, ते लिहून ठेवते. माझे वडील जालन्याला खानावळ चालवायचे. मी तिथेच वाढले. वडिलांची शिकवण अशी की आमटीचा थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, मगच पातेलं खाली उतरवायचं. माझा हात त्याशिवाय चालतच नाही. सासरी पहिल्याच महालक्ष्म्यांना मी सवयीने कढीचा थेंब हातावर घेतला आणि बेबीनंदाबाईंनी माझं मनगट धरलं. देवाच्या आधी चाखलेलं उष्टं. अख्खी कढी गाईला गेली. तेव्हापासून माझं, तृप्तीचं, नाव पडलं 'चाखरी'. कुणी तोंडावर म्हणत नाही, आणि म्हणत नाही तेव्हाच जास्त ऐकू येतं.

मग या घरात मीठ कळतं कसं? आत्याबाईंच्या नाकाने. पातेल्यावर वाकून वास घेतला तरी ते उष्टं होतं. पण उंबऱ्यात उभं राहिलं आणि वाफ आपणहून नाकाशी आली, तर त्यात आपला काय दोष? असा या घराण्याचा कायदा आहे. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "आमटीला मीठ कमी हाय." आणि कमीच असतं. टेंभुर्णीत आजूबाजूच्या बायका नैवेद्याच्या दिवशी त्यांना हाताला धरून न्यायच्या. वास बघायचा मान त्यांचाच. इतक्या वर्षांत त्यांचं नाक चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

म्हणजे यंदा मी न चाखता रांधायचं आणि त्यांनी उंबऱ्यातून निकाल द्यायचा.

१७ ऑगस्ट, रविवार

सराव म्हणून कटाची आमटी केली. न चाखता. मसाला घातला, उकळी आली, म्हटलं, आत्याबाई या, बघा. त्या उंबऱ्यात आल्या, उभ्या राहिल्या आणि मलाच विचारलं, "वास कसा येऊन राह्यला?"

मी म्हणाले, येतोय की.

"कसा पण?"

"आमटीसारखा," मी म्हणाले. मला हसू नाही आलं आणि त्यांनाही नाही. त्या "मंग बराबर असंल" म्हणून खाटेवर जाऊन पडल्या.

हे आता रोजचं झालंय. फोडणीचा वास कसा येतोय, तांदळाचा कसा येतोय, दूध बराबर आहे का. स्वतः काही सांगायचं नाही, मला विचारायचं. परीक्षा घेणाऱ्या बाईने निदान उत्तरपत्रिका तरी तपासावी. आणि जेवायला बसल्या की माझ्या भाजीवर वरून तिखट घेतात, मीठ घेतात, पुन्हा तिखट घेतात, चार घास खातात आणि ताट सरकवतात. परवा म्हणाल्या, "आजकाल अन्नाला काही अर्थच राह्यला न्हाई." अन्न मीच केलेलं होतं. मी भांडी जरा जोरातच घासली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज जे पाहिलं त्याने डोकं फिरलं. माऊलींच्या दुकानात मी गल्ल्यावर बसते, तिथून दुपारी लवकर आले तर आत्याबाई स्वयंपाकघरात खाली बसलेल्या. माझे सगळे डबे काढलेले. हिंग, लवंगा, ओवा, काळा मसाला, धने. एकेक झाकण उघडून डबा अगदी नाकाला लावत होत्या, डोळे मिटून. हिंगाची डबी तर दोनदा लावली. मी दारात आहे हे त्यांना कळलंच नाही.

माझा माल तपासत होत्या. खानावळवाल्याची पोर, काय भेसळ आणून ठेवलीय कोण जाणे. मी मागे फिरले आणि चपला वाजवत पुन्हा आले. तोवर डबे जागेवर गेले होते. आत्याबाईंच्या नाकाला मसाल्याचं बोट लागलेलं होतं आणि डोळे लाल. हिंगाने होतात डोळे लाल, दुसरं काय.

माऊलींना सांगितलं. म्हणाले, म्हातारं माणूस आहे, करमत नसेल. मी म्हणाले, करमत नसेल तर टीव्ही आहे. हं, म्हणाले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. मातीचे बैल पुजले, पुरणपोळ्या झाल्या. पोळ्या चांगल्या झाल्या, हे मीच माझं लिहिते, कारण दुसरं कुणी म्हणणार नाही.

पण दूध करपलं. खिरीसाठी दाट करायला ठेवलं होतं आणि मी अंगणात बैलांना ओवाळायला गेले. आत्याबाई शेगडीपासून हातभर अंतरावर वाती वळत बसल्या होत्या. मी परत आले तर अंगणापर्यंत जळका वास, पातेल्यात काळं, आणि ह्या तिथेच, शांतपणे वाती वळतायत. मी आत धावले तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

ते नाक, ज्याला गल्लीतली आमटी अळणी असलेली कळते, त्याला शेजारचं दूध जळताना कळलं नाही? मला हे पटत नाही. मला वाटतं त्यांनी जळू दिलं. टेंभुर्णीला फोन करून सांगायला, की बघ, हिच्या हातून दूधसुद्धा सांभाळलं जात नाही. फोन केलाही. बाहेरून ऐकलं मी. पण त्या भाऊजींना म्हणत होत्या, "न्हाई न्हाई, सगळं बराबर चाललंय. पोरगी लई चांगलं करून राह्यली." म्हणजे मला ऐकू जावं म्हणून म्हणाल्या असतील. या बाईचा थांग लागत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज अक्षर वाकडं येतंय.

दिवेलागणीला दुकानातून आले. फाटकातच गॅसचा वास. आत पळाले. घराची दारं-खिडक्या डासांसाठी बंद, शेगडीचं बटण उघडं, ज्योत नाही, सगळं घर गॅसने भरलेलं. आणि आत्याबाई देवापुढे बसलेल्या, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. काडेपेटी लांब उडाली. मग बटण बंद केलं, दारं उघडली आणि त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं. सासूवर हात उचलला मी. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, आणि नंतर शेगडीकडे, आणि नंतर त्या काडेपेटीकडे. तोंड पांढरं पडलं होतं. मग म्हणाल्या, "डोळा लागला असंल माझा. माऊलीला सांगू नको."

मी सांगितलं. त्या जेवून पडल्यावर. आता मला सगळं कळलंय. यांना विसर पडायला लागलाय. दूध ठेवलेलं विसरल्या, गॅस उघडलेला विसरल्या. डोक्याला मार लागला त्याचंच हे. वासाचं मलाच का विचारतात तेही त्यामुळेच, काल विचारलेलं आज आठवत नाही. मी उगाच कपट कपट म्हणत होते. माऊली पहिल्यांदा तार खाली ठेवून ऐकत बसले. म्हणाले, सण होऊ दे, संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ. वहिनींना काही कळू देऊ नकोस, नाहीतर त्या आजच पेटी न्यायला येतील.

काडेपेट्या मी पिठाच्या डब्यामागे लपवल्यात. दुकानातून मीच लवकर यायचं ठरवलं. त्यांना एकटं ठेवायचं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मोदक केले. आत्याबाईंना सगळं आठवतं. दोन नातवंडांच्या जन्मतिथी, टेंभुर्णीच्या कुठल्या बाईने कुठल्या साली पुरणात गूळ जास्त घातला, माझ्या लग्नात आमटी कशी पातळ होती. विसर पडलेल्या माणसाला हे आठवतं का? मला काही समजेनासं झालंय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बाजार झाला. सोळा भाज्यांपैकी तोंडली आणि चवळीच्या शेंगा अंबडहून आणाव्या लागल्या. करडईचं तेल नवीन आणलं, आणि समईसाठी पूजेचं तेल. हे पूजेचं तेल म्हणजे मोगरा-कापूर घातलेलं, बाटलीवर बारीक अक्षरात 'खाण्यासाठी नाही' असं छापलेलं. रंग मात्र तस्साच.

आत्याबाईंचा नियम, नैवेद्याच्या घरात प्लास्टिक चालत नाही. दोन्ही तेलं त्यांनी स्वतः स्टीलच्या किटल्यांमध्ये ओतली. किटल्या जोडीच्या, अगदी सारख्या. मी म्हणाले, आत्याबाई, एकीला दोरा बांधू या का, कुठलं कशातलं ओळखायचं कसं?

त्या ताठ झाल्या. "नाक कशाला दिलंय देवानं?"

बरं, म्हटलं. एवढा तोरा असेल तर असू दे.

३१ ऑगस्ट, रविवार

लक्ष्म्या आल्या. बेबीनंदाबाई आणि भाऊजीही दुपारी आले. बेबीनंदाबाईंनी चपला काढायच्या आधी छपराकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग मोरीत डोकावल्या. फरशी पुन्हा पुसायला त्यांनी मला सांगितलं नाही, स्वतःच पुसली. ते जास्त लागलं.

उंबऱ्यापासून पावलं काढली, थाळी वाजवत मुखवटे आत आणले, साड्या नेसवल्या. नेसवताना आत्याबाईंचे हात असे चालतात की बघत राहावं. कनिष्ठेच्या निऱ्या त्यांनी एकदाच घातल्या आणि त्या मोडल्या नाहीत. शेपूची भाजी आणि भाकरी असा साधा नैवेद्य दाखवला. तो मीच केला, आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि "बराबर हाय" म्हणाल्या. जेवताना भाजी अळणी निघाली. बेबीनंदाबाईंनी भाकरी मोडली, माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं आणि शांतपणे ठेचा मागितला. नंतर भांडी घासताना म्हणाल्या, "उद्या तळण आत्याबाईच करतील ना? तू नको बसू."

मी म्हणाले, त्याच करणार आहेत. फुलोरा तळायचा मान त्यांचाच. उद्याचा दिवस निघाला की मी सुटले.

१ सप्टेंबर, सोमवार

सगळे जेवून आडवे झालेत, दुपार उलटून गेलीय. क्रमाने लिहिते.

पहाटेपासून पुरण, आमटी, आंबील, भाज्या असं एकेक उतरवत गेले. न चाखता. हात तळव्याकडे जायचा आणि मी तो पदराला पुसायची. बेबीनंदाबाई उंबऱ्याशी बसून वेण्या-फण्या लाटत होत्या. फुलोरा म्हणजे लक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचं तळण. करंज्या, वेणी, फणी, आरसा. तो झाला की नैवेद्य. आत्याबाई सोवळं नेसून शेगडीपुढे पाटावर बसल्या. मी भाज्यांच्या फोडण्यांना माझ्या बाजूची किटली वापरली होती. त्यांनी दुसरी उचलली आणि कढईत ओतली.

तेल तापायला लागलं. मला मोगऱ्याचा वास आला. पहिल्यांदा वाटलं, बेबीनंदाबाईंचा गजरा. मग वाटलं, लक्ष्म्यांची वेणी. पण वास वाढत गेला, त्यात कापूर मिसळला, घशाला लागायला लागला. तो कढईतून येत होता.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड कढईवर होतं. वाफ सरळ चेहऱ्यावर येत होती आणि चेहरा अगदी शांत. तेल तापलं का ते बघायला पिठाचा कण सोडला, तो वर आला, तशी त्यांनी पहिली करंजी सोडली. आणि मला हिंगाची डबी आठवली. करपलेलं दूध. त्या हातातली काडी. तिखटावर तिखट घेतलेलं ताट. वास कसा येऊन राह्यला, कसा पण? या बाईला काही येत नव्हतं. जूनपासून येत नव्हतं. ती परीक्षा घेत नव्हती, मला विचारत होती, आणि मी 'आमटीसारखा' म्हणाले होते. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं.

पण रडायला वेळ नव्हता. त्या तळणाचा नैवेद्य होणार, मग ते सगळ्यांच्या पानात पडणार. थांबवायचं तर कारण सांगायला हवं. कारण सांगितलं तर उंबऱ्यात बेबीनंदाबाई बसलेल्या. टेंभुर्णीच्या बायका जिला हाताला धरून न्यायच्या, तिचं नाक गेलंय हे तिच्या थोरल्या सुनेपुढे, सणाच्या दिवशी, मी कसं सांगू? मी आधी गप्प राहिले, हेही लिहायला हवं. दुसरी करंजी पडली. तिसरी पडली. तेव्हा मी पुढे होऊन गॅस बंद केला.

"आत्याबाई, थांबा. माझी चूक झाली," मी म्हणाले. "मी कढईवर वाकून वास घेतला. उष्टं झालं सगळं. तेल टाकून द्यावं लागंल."

बेबीनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. बाहेर भाऊजींना हाक मारून म्हणाल्या, नैवेद्य दाखवा कसाबसा आणि पेटी काढून ठेवा. खानावळीत वाढलेलीला कितीही सांगा. माऊली दारात आले आणि नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. मला वाटलं होतं की मोठेपणाने केलेल्या कामात एक प्रकारचं समाधान असतं. काही नसतं. रागच येतो.

आत्याबाई पाटावरून हलल्या नाहीत. कढईतल्या करंज्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी झारा खाली ठेवला.

"बेबीनंदा, त्या तेलाला कशाचा वास येत होता?"

बेबीनंदाबाई अडखळल्या. "मोगऱ्याचा. कापराचा. दिव्याच्या तेलासारखा."

"तुला उंबऱ्यात आल्ता?"

"हाव."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तुम्ही बसल्या होत्या कढईवर," बेबीनंदाबाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "तुमच्या नाकाम्होरं मी काय बोलू? म्हणलं, बराबरच असंल."

"मला न्हाई आला," आत्याबाई म्हणाल्या. "पडल्यापासून कशाचाच येत न्हाई. हिनं वास घ्यायला वाकायची काय गरज? भिंतीलासुद्धा आला असंल. माझ्यापायी खोटं बोलली ती."

मला वाटत होतं त्या रडतील, पण त्या रडल्या नाहीत. रडल्या बेबीनंदाबाई, कारण न्हाणीतली फरशी त्या दिवशी त्यांनीच घासून साबणाची ठेवली होती. त्यांनी ते तिथेच सांगून टाकलं. आत्याबाई म्हणाल्या, फरशी घासायचीच असते, तू काय मला पाडायला घासलीस का? आणि पाटावरून उठल्या. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, याआधी कधी घेतला नव्हता.

"उंबऱ्यात तृप्ती उभी राह्यल," म्हणाल्या. "बेबीनंदा, तू तळ. जल्दी करा, लक्ष्म्या उपाशी हायत."

बेबीनंदाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि कढई घासायला घेतली. मी उंबऱ्यात उभी राहिले. आमटीची वाफ आली. मला मिठाचं काही कळलं नाही, पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणून म्हणाले की थोडं घाला.

नैवेद्याला बराच उशीर झाला. आमटी खारट झाली होती. भाऊजी तांब्याभर पाणी प्यायले आणि पुरण छान झालंय म्हणाले. आत्याबाईंनी मला शेजारी बसवलं होतं. प्रत्येक पदार्थाला विचारत होत्या, कसं लागतंय, आणि मी सांगत होते. पुरणात जायफळ पुढे आलंय, भोपळ्याच्या भाजीला गूळ जास्त झालाय, आंबील मस्त आंबट आहे, लहानपणी बरणीतल्या कैऱ्या खायचो तशी. त्या सावकाश जेवल्या. ताट सरकवलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

दहीभात दाखवून लक्ष्म्यांना निरोप दिला. मुखवटे उतरवले. बेबीनंदाबाई कालपासून माझ्याशी जपून बोलतायत, मीही. पेटीचं मात्र कुणी काही बोलत नव्हतं. भाऊजींनी जीपवाल्याला बोलावून ठेवलं होतं.

आत्याबाईंनी पेटी उघडली. आतलं जुनं हिरवं कापड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, हे माझ्या सासूचं लुगडं, मुखवटे यातच गुंडाळायचे. दरवर्षी पेटी उघडली की या लुगड्याला त्यांच्या अंगाचा वास यायचा, वेखंडाचा आणि चुलीच्या धुराचा. "यंदा मला कळला न्हाई. बघ बरं, येतो का अजून?"

मी कापड नाकाला लावलं. डांबरगोळ्या. परत लावलं, आतली घडी उलगडून लावलं. नुसत्या डांबरगोळ्या. आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बेबीनंदाबाई त्यांच्या मागून मला मानेने खुणावत होत्या की हो म्हण. हो म्हणायला काय जात होतं? माझ्या जिभेवर आलंच होतं. पण काल उंबऱ्यात मला मिठाचं कळलं नव्हतं आणि तरी मी 'घाला' म्हणाले होते, तेही मला आठवलं.

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले. "डांबरगोळ्यांचाच येतोय."

त्यांनी कापड माझ्या हातातून घेतलं आणि मुखवटे त्यात गुंडाळायला लागल्या.

"बराबर हाय," म्हणाल्या. "सासूचं लुगडं कधीच फाटलं. हे मी जालन्याच्या बाजारातून आणलेलं. येतो म्हणली असतीस तर पेटी आज जीपवर चढली असती."

बेबीनंदाबाईंनी आधी कपाळावर हात मारला आणि मग हसायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र राग आला, परीक्षा संपली म्हणता म्हणता ही बाई पुन्हा पेपर काढते. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, नाक कुणाला द्यायचं ते बघूनच द्यावं लागतं.

पेटी कुठे ठेवायची म्हणून त्यांनी मला विचारलं. लोखंडी कपाटावर, मी म्हणाले. तिथून त्यांना काढता येणार नाही, म्हणाल्या. मी म्हणाले, तुम्हाला कशाला काढायची, मी काढीन. मग त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या कमरेची सोडून मला दिली.

जीप रिकामीच गेली. बेबीनंदाबाई जाताना म्हणाल्या की पुढच्या वर्षी तळायला मी आदल्या दिवशीच येते, आणि त्या दोन किटल्यांपैकी एकीचा कान आत्ताच तोडून ठेव.

आता घरात आम्ही दोघीच. चहा ठेव म्हणाल्या, आणि अगदी सहज, भाजीत मिरची घाल म्हणावं तसं पुढे म्हणाल्या, "ध्यान ठेव, मला उतू गेलेलं कळायचं न्हाई." मी चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत चार ओळी लिहाव्यात म्हणून इथे येऊन बसले. करपल्याचा वास येतोय. आत्याबाई शेगडीजवळच बसल्यात. पळते.